इंजिनचा पिवळा दिवा : निदान आधी, पाना नंतर

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील हजारो कारागीर आहेत. कोणी उस्तादाच्या हाताखाली वयाच्या बाराव्या वर्षी पाना धरला, कोणी वडिलांचे गॅरेज पुढे चालविले. कार्बोरेटरच्या काळात या कारागिरांचा कान हेच त्यांचे यंत्र होते. इंजिनचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह ढिला आहे हे सांगणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. परंतु आज त्याच उस्तादांच्या दारात गाडी येते, डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा जळत असतो, आणि गिऱ्हाईक विचारते, "उस्ताद, हा दिवा का लागला?" या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी येत नाही. चुकीचे उत्तर दिले, तर ते येत नाहीच, शिवाय चार लोकांना सांगते.

म्हणून या लेखात आम्ही इंजिन चेक लाइटचा विषय घेतला आहे. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतेच आम्ही बोलणार आहोत. डिझेलचा विषय वेगळा आहे.

हा दिवा आला कोठून?

या दिव्याचे मूळ धुरात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराचा त्रास फार वाढला, तेव्हा तेथील सरकारने १९८८ च्या मॉडेलपासून असा नियम केला की, धूर वाढविणारा बिघाड गाडीने स्वतः ओळखून चालकाला दिवा लावून सांगावा. १९९६ च्या मॉडेलपासून संपूर्ण अमेरिकेत सर्व कंपन्यांसाठी एकच पद्धत, एकच कपलर आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. यालाच ओबीडी-२ म्हणतात. युरोपात पेट्रोल मोटारींना हा नियम २००१ मध्ये लागू झाला. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ आले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. हा दिवा मुळात "गाडी बंद पडेल" असे सांगण्यासाठी नाही, तर "गाडी जास्त विषारी धूर सोडू लागली आहे किंवा सोडू शकते" असे सांगण्यासाठी आहे. त्यामुळे दिवा जळत असूनही गाडी छान पळते असे अनेकदा घडते. गिऱ्हाईकाला हे समजावून सांगणे हे कारागिराचे पहिले काम होय.

दिवा कसा जळतो ते आधी पाहा

चावी फिरविली आणि इंजिन सुरू केले नाही, तर हा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावीवर दिवा मुळीच लागत नसेल, तर बल्ब गेला आहे किंवा कोणीतरी तो मुद्दाम काढला आहे, असे समजावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी अवश्य पाहावी.

दिवा स्थिर जळत असेल, तर गाडी सावकाश चालवून गॅरेजपर्यंत आणता येते. दिवा लुकलुकत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. याचा अर्थ एखादा सिलिंडर मिसिंग मारत आहे, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जात आहे आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळत आहे. कन्व्हर्टरच्या आतील चिनी मातीची जाळी त्या उष्णतेने वितळते. दोन-तीन हजारांच्या कॉइलचे काम टाळून गाडी तशीच पळविली, तर त्याच्या कितीतरी पट महाग कन्व्हर्टर जातो. म्हणून फोनवर गिऱ्हाईकाने "दिवा लुकलुकतोय" असे सांगितले, तर त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगावे.

तेलाचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट आहे. तो लागताच इंजिन ताबडतोब बंद करावे.

कोड म्हणजे पार्टचे नाव नव्हे

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचा एक कपलर असतो. स्कॅनर तेथे जोडायचा. स्कॅनर चालूच होत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा, कारण या कपलरच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट आणि ४ नंबरवर बॉडी अर्थ असतो. बऱ्याच गाड्यांत त्याचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो.

स्कॅनर जो कोड दाखवितो तो पी या अक्षराने सुरू होतो. पी नंतर शून्य असेल, तर तो सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. एक असेल, तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा कोड. त्याचा अर्थ त्या कंपनीच्या पुस्तकातच पाहावा. उदाहरणार्थ, पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम कमी पडते.

येथेच आमचे अनेक बांधव फसतात. कोड हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणजे मलेरियाच झाला असे हकीम म्हणत नाही. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचे नाव आले म्हणून ऑक्सिजन सेन्सरच खराब आहे असे नाही. तो सेन्सर कदाचित खरी बातमी देणारा एकमेव इमानदार साक्षीदार असेल.

हे आम्ही दुसऱ्याला शिकविण्यासाठी सांगत नाही, आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. एका कापड व्यापाऱ्याची पेट्रोल गाडी आमच्याकडे आली. कोड पी०१७१. आम्ही ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, पैसे घेतले. पाचव्या दिवशी तो गृहस्थ दारात उभा. "भाई, दिवा पुन्हा लागला. आणि मी तुम्हाला त्या दिवशीच सांगितले होते की सकाळी गाडी चालू केली की टिकटिक आवाज येतो. तुम्ही ऐकलेच नाही." खरोखरच त्याने सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून आम्ही कान लावला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीची काळी रेघ होती. गॅस्केट फुटले होते. तेथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि पुढचा सेन्सर ती हवा मोजून "मिश्रण पातळ आहे" असे प्रामाणिकपणे कळवीत होता. इंजिन तापले की जोड फुगून आवाज बंद होई, म्हणून दुपारी आणलेल्या गाडीत आम्हाला तो ऐकू आला नाही.

शे-दोनशेच्या गॅस्केटचे काम होते. आम्ही हजारोंचा सेन्सर लावून बसलो होतो. सेन्सरचे पैसे आम्ही परत केले. त्या दिवशी खिसा हलका झाला, पण ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडे येते. गाडी ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. तिच्यात गरज नसलेला पार्ट घालणे आणि तिच्यातील चांगला पार्ट काढून घेणे यात फारसा फरक नाही.

तपासणीचा क्रम

त्या दिवसापासून आम्ही एक क्रम ठरविला आहे. तो मोडायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

१) ऐका. दिवा केव्हा लागला? पेट्रोल भरल्यावर? पावसात? गाडी धुतल्यावर? दुसऱ्या गॅरेजमध्ये काम झाल्यावर? सीएनजीवर की पेट्रोलवर? ही उत्तरे वहीत लिहावीत.

२) कोड लिहून घ्या, पुसू नका. कोडसोबत बहुतेक गाड्या त्या क्षणाची नोंद ठेवतात. इंजिनचे चक्कर, वेग, पाण्याचे तापमान, इंजिनवरचा भार या गोष्टी त्यात असतात. यालाच फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. पहिल्याच मिनिटाला कोड पुसणारा कारागीर स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करतो.

३) डोळ्यांनी पाहा. उंदराने कुरतडलेल्या वायरी, सुटलेला होज पाइप, ढिला क्लॅम्प, हिरवट पडलेला कपलर, एअर फिल्टरच्या डब्याचे उघडे झाकण. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनजवळ येऊन बसतात, हे कोकणातल्या कारागिरांना सांगायला नको.

४) बॅटरी आणि अर्थ तपासा. बंद गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. सेल मारताना मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला व दुसरी इंजिन ब्लॉकला लावावी. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दाखविले तर अर्थ ठीक. त्याहून बरेच जास्त आले तर अर्थची पट्टी घासून नीट करावी. खराब अर्थमुळे एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड येतात.

५) चालू आकडे पाहा आणि मगच संशयित पार्टची परीक्षा घ्या.

६) दुरुस्ती, कोड पुसणे, आणि रस्त्यावर चाचणी.

एक इशारा. जुन्या बल्बच्या टेस्ट लॅम्पने सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या वायरी तपासू नयेत. बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीएम जळू शकतो. तेथे डिजिटल मल्टिमीटरच वापरावा.

आपल्या रस्त्यावरचे नेहमीचे कोड

*मिसिंग (पी०३०० ते पी०३०४).* पी०३०२ आला असेल, तर नवा पार्ट आणण्यापूर्वी दोन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एक नंबरची दोनवर लावावी. गाडी चालवून पाहावी. कोड पी०३०१ झाला, तर कॉइल दोषी. कोड दोनवरच राहिला, तर प्लगची अदलाबदल करावी. त्यानेही फरक पडला नाही, तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. या युक्तीला एक पैसाही लागत नाही. चारही सिलिंडरचा मिळून पी०३०० आला, तर एका कॉइलमागे लागू नये. पेट्रोलचे प्रेशर, भेसळ, हवेची गळती अशा सर्वांना समान असणाऱ्या गोष्टी पाहाव्यात.

*पातळ मिश्रण (पी०१७१).* स्कॅनरवर फ्यूल ट्रिम नावाचा आकडा असतो. ईसीएम ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवीत किंवा कमी करीत आहे, हे तो सांगतो. दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंत फारशी चिंता नाही. आयडलिंगला आकडा मोठा आणि अडीच हजार चक्करवर कमी होत असेल, तर हवेची गळती शोधावी. उलट रेस वाढविल्यावर किंवा चढावर आकडा वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. पंप, टाकीतील जाळी, फिल्टर पाहावेत. मात्र ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तेथे मॅनिफोल्डमधील गळतीने मिश्रण तितके पातळ होत नाही, बहुधा आयडलिंगच वाढते. अशा गाडीत पातळ मिश्रणाचा कोड आला, तर पेट्रोलचे प्रेशर आणि एक्झॉस्टची गळती आधी पाहावी. आमच्या कापड व्यापाऱ्याची गाडी याच प्रकारची होती.

*पाण्याच्या तापमानाचा सेन्सर (पी०११७, पी०११८).* पी०११८ असताना थंड-गरम काहीही असले तरी स्कॅनर उणे ४० अंश दाखवितो. महाराष्ट्रात उणे ४० अंश कोठे असणार? म्हणजे सर्किट तुटले आहे. दोन तारांचा सेन्सर असेल, तर कपलर काढून त्याच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात. आकडा एकदम खूप वर गेला, तर वायरिंग व ईसीएम ठीक, सेन्सर खराब. आकडा हललाच नाही, तर वायर तुटली आहे. नवा सेन्सर लावून उपयोग नाही. पी०१२८ आला, तर इंजिन वेळेत तापत नाही. बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा कोणीतरी "गाडी गरम होते" म्हणून काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट काढणे हा इलाज नव्हे. इंजिन थंड राहिले की पेट्रोल जास्त जाते व ॲव्हरेज पडतो.

*ऑक्सिजन सेन्सरचा हीटर (पी०१३५).* आधी फ्यूज, मग कपलर, मग मीटरने हीटरचा रेझिस्टन्स. तो काही ओहम इतकाच असतो. मीटर काहीच दाखवीत नसेल, तर हीटर तुटला आहे.

*कन्व्हर्टर (पी०४२०).* हा कोड आला की अनेक जण सरळ नव्या कन्व्हर्टरचा भाव सांगतात. थांबावे. आधी एक्झॉस्टची गळती, मिसिंग आणि तेल जाळणे हे तिन्ही दोष नाहीत याची खात्री करावी. इंजिन चांगले तापवून अडीच हजार चक्करवर मागचा सेन्सर पाहावा. चांगल्या कन्व्हर्टरमागे त्याचा आकडा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. तो जर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भरभर वर-खाली होत असेल, तर कन्व्हर्टर थकला आहे. तरीही तो का थकला हे शोधल्याशिवाय नवा लावला, तर नवाही जाईल.

अमेरिकन पुस्तकांत पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा असा सल्ला हमखास असतो. तेथील गाड्या टाकीतील वाफेची गळती मोजतात. आपल्याकडचे नियम युरोपीय धर्तीचे असल्याने बहुतेक गाड्यांत ती मोजणी नसते. झाकण जरूर घट्ट करावे, पण तेवढ्यावर दिवा विझेल अशी आशा धरू नये.

सीएनजी आणि इथेनॉल

सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे जो प्लग किंवा कॉइल पेट्रोलवर चालून जातो, तो सीएनजीवर मिसिंग मारतो. गिऱ्हाईक म्हणते, "गॅस किट खराब आहे." बऱ्याचदा किट ठीक असते, प्लगचा गॅप वाढलेला असतो. बाहेरून बसविलेल्या किटमध्ये गॅसचे सेटिंग बिघडले, की ईसीएम ट्रिम बदलत जातो आणि काही दिवसांनी पेट्रोलवरही कोड येतो. म्हणून आकडे पेट्रोलवर आणि गॅसवर असे दोन्ही वेळा लिहून घ्यावेत.

इथेनॉलचेही तसेच. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे तितक्याच हवेत इथेनॉल जास्त द्यावे लागते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल भरले, की कमी इथेनॉलसाठी बनविलेल्या जुन्या गाडीचा ट्रिम काही टक्के वर सरकणारच. एवढ्याने दोष काढू नये. मात्र आधीच गाळाने भरलेला फिल्टर किंवा थकलेला पंप असेल, तर तो या वाढीव मागणीने उघडा पडतो.

दिवा पुसणे आणि दिवा विझणे

बॅटरीची तार काढून दिवा घालविणे ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक खूश होते, पैसे देते आणि जाते. परंतु बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच ईसीएम दिवा लावतो. म्हणून पुसलेला दिवा एक-दोन दिवस गप्प बसतो आणि मग परत येतो. दोष खरोखर गेला असेल, तर तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआपच विझतो.

कोड पुसला की गाडीच्या आतील तपासण्या "अपूर्ण" दाखवितात. त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत गाडी थंड सुरू करून शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर चालवावी लागते. त्यानंतर स्कॅनर लावून कोड नाही आणि तपासण्या पूर्ण आहेत हे पाहिले, तरच काम झाले असे म्हणावे. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. विकायला आलेल्या गाडीत एकही कोड नाही, पण सर्व तपासण्या अपूर्ण आहेत, तर कोणीतरी कालच दिवा पुसला आहे. आणि आपण स्वतः विकणारे असू, तर ऐब झाकून माल विकणे कोणत्याही बाजारात शोभत नाही.

मेहनतीचे पैसे

शेवटी धंद्याची गोष्ट. आमच्या कारागिरांची सवय अशी की निदान फुकट करायचे आणि पैसा पार्टमध्ये काढायचा. सगळी गडबड येथेच होते. पार्ट विकला तरच पैसा मिळणार असेल, तर हात आपोआप पार्टकडे जातो. त्यापेक्षा तपासणीची ठरावीक फी दारावर लिहून लावावी आणि ती आधीच सांगावी. तासभर तपासून दोष एका ढिल्या कपलरचा निघाला, तरी फी घेण्यात संकोच नसावा. ती कपलर दाबण्याची फी नाही, कोणता कपलर दाबायचा हे कळण्याची आहे. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा आणि बिलावर कोड, कारण व केलेले काम तीन ओळींत लिहावे.

फोनला जोडणारे साधे अडॅप्टर आज थोडक्या पैशांत मिळते आणि इंजिनचे कोड व आकडे वाचण्यास ते पुरते. एबीएस, एअरबॅग किंवा कंपनीचे खास कोड यांसाठी चांगला स्कॅनर लागतो. तो एकट्याला परवडत नसेल, तर एका गल्लीतल्या तीन-चार गॅरेजनी मिळून घ्यावा.

आणि एक वही ठेवावी. गाडीचे मॉडेल, कोड, गिऱ्हाईकाचे शब्द, खरा दोष. दोन वर्षांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची होते, आणि उद्या गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या शागिर्दाला देण्यासारखे आपल्याकडे काहीतरी असते. आमच्या वहीचे पहिले पान त्या कापड व्यापाऱ्याच्या गाडीचे आहे. त्यावर दोष या रकान्यात आम्ही लिहिले आहे : गॅस्केट. आणि त्याखाली : गिऱ्हाईकाने सांगितले होते.